बेडकाचं काळीज दीड तास चालते

काळजाच्या बाबतीत नत्थूजींना काही शिकवायला जाणारा माणूस पिपरी मेघे गावात तरी उरला नव्हता. एक-दोघांनी हौस करून पाहिली होती. अर्धा-पाऊण तास ओट्यावर अडकून पडले, चहासुद्धा मिळाला नाही, आणि घरी जाताना बेडकाच्या छातीत काय काय असतं ते तोंडपाठ करून गेले.

एकतीस वर्षं नत्थूजींनी वर्ध्याच्या एका मेडिकल कॉलेजात नोकरी केली. डॉक्टर म्हणून नाही, प्रोफेसर म्हणून नाही, फिजिऑलॉजीच्या प्रयोगशाळेत अटेंडंट म्हणून. पण त्यांना विचाराल तर ते सांगतील की प्रोफेसर दर तीन वर्षांनी बदलत, डॉक्टर पोरं शिकून निघून जात, आणि खरी विद्या जिथल्या तिथे राहिली ती एकाच माणसापाशी. सकाळी टाक्यातून बेडूक काढायचे, पकडून द्यायचे, शहरातल्या पोरी किंचाळल्या तर त्यांना दम द्यायचा. मग छाती उघडायची, धडधडत्या काळजाच्या टोकाला बारीक आकडी लावायची, आकडीला दोरा, दोऱ्याला काडी, आणि काडीचं टोक काजळी लावलेल्या फिरत्या ड्रमवर. काळीज आकसलं की काडी उडे आणि काजळीवर पांढरी रेघ उमटे. ती काजळी घासलेटच्या धुरावर नत्थूजीच धरत. संध्याकाळी घरी आले की बायको, मनकर्णाबाई, त्यांना आधी नळाखाली उभं करी, मगच घरात घेई.

"ॲड्रिनलिनचा एक थेंब टाकला," नत्थूजी ओट्यावर बसून सांगत, "का काळीज असं उड्या मारते, का ड्रम फाटते का काय असं वाटे. आन् त्याच्या आधी दुसऱ्या दवाईचा थेंब टाकला, ते प्रोप्रानोलॉल, तं मंग वरून अख्खी बाटली उलटी करा. काळीज ढिम्म! बहिरं! म्या ह्या डोळ्यानं हजार डाव पाह्यलं."

पुढे बेडूक बंद झाले आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटर आला. पडद्यावरचा बेडूक ना उडी मारी ना वास. पोरं बटण दाबत आणि पास होत. नत्थूजींना त्या बेडकाची जी चीड होती ती सख्ख्या भाऊबंदाचीही नसेल. रिटायर होताना निरोपसमारंभात त्यांना बोलायला सांगितलं तर म्हणाले, "आता तुमच्या हाताखालून जे डॉक्टर निघतीन, त्यायच्यापाशी मी मरायले बी जानार नाई."

आणि गेले. जावंच लागलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना बँकेच्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला. मग मोरीपर्यंत जाताना लागायला लागला. पाय असे सुजले की चप्पल काढली तरी चपलेचा पट्टा पायावर दिसे. "गॅस आहे," नत्थूजींनी निदान केलं. गॅसवर मनकर्णाबाई हिरडा, बेहडा, ओवा कुटून एक चूर्ण करीत असे, ते दोन्ही वेळेला जेवणानंतर कोमट पाण्यातून घेत. जन्मात दुसरं कुठलं औषध त्यांनी इतक्या श्रद्धेनं घेतलं नव्हतं. पण सूज चूर्णाला बधली नाही, आणि एका सकाळी मनकर्णाबाईनं त्यांना न विचारता ऑटो बोलावला.

एक्स-रेत त्यांचं हृदय अर्ध्या छातीवर पसरलेलं निघालं. एक्स-रे काढणाऱ्या पोरानं "काका, दिलदार दिसता" म्हणून पाहिलं, तर नत्थूजींनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्यानं पुढचा पेशंट आत घेतला.

हृदयाची डॉक्टर निघाली आकांक्षा. देवळीची पोर. पहिल्या वर्षाला असताना प्रॅक्टिकलच्या परीक्षेत हिनं दोरा इतका आवळून बांधला होता की बेडकानं जागेवर मान टाकली. बाहेरचा परीक्षक चहा पिऊन परत यायच्या आत नत्थूजींनी टेबलाखालून दुसरा बेडूक, छाती उघडून तयार, तिच्या ट्रेमध्ये सरकवला होता. ती पास झाली. नत्थूजींनी हे उपकार कधी बोलून दाखवले नव्हते, म्हणजे त्या दिवसापर्यंत नव्हते.

"ओळखलं का मॅडम?" टेबलावर बसल्या बसल्या ते म्हणाले. "तुमाले म्या एक काळीज देलं होतं."

"ओळखलं ना काका," आकांक्षा हसली. "आता तुमचं बघू."

तिनं त्यांना डाव्या कुशीवर निजवलं, छातीवर गारेगार जेल चोपडलं आणि इको सुरू केला. मग म्हणाली की हृदय मोठं आणि ढिलं झालं आहे, आतलं पंचवीस टक्के रक्तच बाहेर ढकलतंय. आता एक औषध हळूहळू शिरेतून सोडायचं. ॲड्रिनलिनच्याच जातीचं. त्यानं हृदय जोर धरतं की नाही ते बघायचं.

नत्थूजींना एकदम बरं वाटलं. हे त्यांच्या घरचं काम होतं. "म्हनजे आता मी बेडूक," ते मशीनवाल्या रोशनला म्हणाले. "सोड बाप्पा. थेंब पडला का तीन मोजजो. मंग पाह्य उडी."

पंपातून औषध सुटलं. पडद्यावर त्यांचं काळीज दिसत होतं, ओल्या थैलीसारखं, आळसानं हलणारं. नत्थूजी मान वाकडी करून बघत राहिले. एक, दोन, तीन. काही नाही. डोस वाढवला. काही नाही.

"रोशन, दवाई जुनी असंन. तारीख पाह्य."

रोशननं बाटली उलटी करून दाखवली. नवी होती.

"मंग सुई शिरेत नसंन."

"आहे काका."

डोस आणखी वाढवला. ठोके थोडे भरभर पडू लागले, पण थैली तशीच ढिली. आकांक्षा काही बोलायच्या आधीच नत्थूजींना कळलं. एकतीस वर्षं त्यांनी अशा काळजांच्या सपाट रेघा बघितल्या होत्या आणि बघून ते बेडूक बादलीत टाकले होते. तोंडानं मात्र ते म्हणाले, "तुमची मशीनच खराब आहे."

आकांक्षानं दोघांनाही समोर बसवलं. "काका, हृदयाच्या पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे..."

"मले सांगून राह्यली? मले?"

"बरं, मग काकूंना सांगते. काकू, तुमच्याकडे घंटागाडी येते ना? दिवसातून एकदा वाजली की सगळे कचऱ्याचे डबे घेऊन धावतात. तीच गाडी दारापुढे दिवसरात्र उभी राहून वाजत राहिली तर?"

"लोकं तिले हानतीन," मनकर्णाबाई म्हणाली.

"आधी दारं लावून घेतील. काकांचं हृदय कमजोर झालं तसं शरीरानं ॲड्रिनलिनची गाडी रात्रंदिवस वाजवायला सुरुवात केली. हृदयानं एकेक दार लावून घेतलं. आता मी वरून कितीही वाजवलं तरी उघडायला दारंच नाहीत. म्हणून ही गोळी. ही त्या गाडीला हृदयापर्यंत पोचूच देत नाही. पाच-सहा महिने शांत गेले की दारं पुन्हा उघडतात."

नत्थूजींनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि त्यांच्या कपाळाची शीर तडतडली. "हे तं त्याच प्रोप्रानोलॉलच्या खानदानातलं आहे. ह्यानं काळीज बहिरं होते. म्या पाह्यलं. हजार बेडकायवर पाह्यलं."

"काका, बेडूक दीड तास जगायचा. तुम्हाला खूप वर्षं जगायचंय." आकांक्षा आता हसत नव्हती. "स्पष्ट सांगते. सहा महिने गोळी घ्या, मी दर महिन्याला डोस वाढवत जाईन. मग पुन्हा हेच इंजेक्शन देऊ. हृदयानं उत्तर दिलं तर पुष्कळ वर्षं काढाल. गोळी नाही घेतली, किंवा घेऊनही हृदय असंच राहिलं, तर एका वर्षाचीसुद्धा खात्री मी देणार नाही."

मनकर्णाबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं. नत्थूजी उठून उभे राहिले आणि चिठ्ठी खिशात कोंबून दाराकडे वळले.

चार दिवस त्यांनी गोळी घेतली. चारही दिवस उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. पाचव्या दिवशी त्यांनी मनकर्णाबाईला समोर बसवून व्याख्यान दिलं. आकडी, दोरा, काडी, ड्रम, सगळं. "तो थेंब पडला का काळीज हळू हळू होते, अजून हळू होते, मंग बंद. समजलं का तुले? ही दवाई काळीज बंद पाडते. ते पोर्गी एका बेडकावर पास झाली, मी देलेल्या. आन् मले सांगते."

मनकर्णाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "मॅडमनं सांगतलं तं घ्या ना हो," एवढंच म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

बायकोशी वाद घालण्यापेक्षा नत्थूजींनी सोपा मार्ग काढला. रोज दोन्ही टाइम जेवणाआधी तिच्या देखत पट्टीतून गोळी काढायची, जिभेवर ठेवायची, गालात सरकवायची, वरून पाण्याचा घोट घ्यायचा, आणि मग मोरीवर चूळ भरायला जायचं. पिच्च. झालं. जेवण झालं की तिच्या हातचं चूर्ण. एवढा मोठा माणूस, शाळकरी पोरासारखा गाल फुगवून मोरीकडे चाललेला, पण त्यांना आपल्या हुशारीचं कौतुकच वाटे. दर महिन्याला आकांक्षाकडे जात, ती डोस वाढवी, हे मान डोलवत.

एकदाच फसले. गोळी गालात असताना जयाचा फोन आला. जया म्हणजे एकुलती एक मुलगी, पुलगावला दिलेली. "बाबा, गोळ्या घेता ना?" असं तिनं विचारलं आणि "हाव" म्हणता म्हणता गोळी गेली घशात. त्या दिवशी नत्थूजी दुपारभर मनगटावर बोट ठेवून पडून राहिले. ठोके मोजता मोजता त्यांनी मनातल्या मनात कोण कोण मयतीला येईल तेही मोजलं. संध्याकाळी जिवंत आहोत असं पाहून त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आणि गंमत अशी की त्यांना बरं वाटायला लागलं. दुसऱ्या महिन्यात सूज उतरली. तिसऱ्यात बँकेच्या पायऱ्या एका दमात. चौथ्यात ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पायी जाऊन, तिथल्या नानाजीशी भांडून, पायी परत यायला लागले. आता सूज उतरायची गोळी वेगळी होती, ती ते घेत होते, पण तिला त्यांनी काही श्रेय दिलं नाही. श्रेय सगळं चूर्णाला. "हिरड्यात लय ताकद आहे," ते ओट्यावर सांगत. "डॉक्टर लोकायले हे समजत नाई." नानाजीला त्यांनी बळजबरीनं घरच्या डब्यातलं तीन चमचे चूर्ण एकदम दिलं. नानाजीचं दुकान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडलं नाही.

सहा महिने भरले. आकांक्षानं फोनवर सांगितलं होतं, "टेस्टच्या आधी दोन दिवस गोळी बंद ठेवा, काका." नत्थूजी "बरं, बरं" म्हणाले आणि फोन ठेवून एकटेच खूप हसले.

पण टेस्टच्या सकाळी ऑटोत बसल्यावर हसू गेलं. बरं वाटणं वेगळं आणि काळीज बरं असणं वेगळं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. किती तरी बेडूक मान टाकायच्या पाच मिनिटं आधी झकास उड्या मारत असत. आज पडद्यावर थैली ढिम्मच राहिली तर? मग आकांक्षा म्हणणार, गोळीचाही उपयोग झाला नाही, आता माझ्या हातात काही नाही. आणि ती गोळी आपण घेतलीच नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? न सांगावं तर जीव जातो, सांगावं तर अब्रू. पिशवी मांडीवर घट्ट धरून मनकर्णाबाई समोर बघत बसली होती.

पुन्हा डावी कूस, पुन्हा गार जेल. या वेळी मनकर्णाबाई आत आली. "मी इथं बसतो," म्हणाली आणि रोशननं काही म्हणायच्या आत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलीसुद्धा.

औषध सुटलं. नत्थूजींनी डोळे मिटले. मग एक उघडला. एक, दोन, तीन. थैली हलत होती. चार. रोशननं डोस वाढवला. आकांक्षा पडद्याच्या इतकी जवळ गेली होती की नत्थूजींना तिचा कानच फक्त दिसत होता.

आणि मग थैली आकसली. चांगली, गच्च, पिळल्यासारखी. सुटली, आणि पुन्हा आकसली.

"उडालं!" नत्थूजी ओरडले आणि अर्धे उठले. "उडालं, उडालं! अरे रोशन, पाह्य ना बे!"

"काका, झोपा! प्रोब पडला!"

पण आकांक्षाचाही आवाज ओला झाला होता. मागच्या वेळी पंचवीसवर असलेला आकडा औषध देऊन सत्तावीसच्या वर सरकला नव्हता. आज औषधाआधीच अडतीस होता, आणि औषधानं पन्नास. तिनं ते दोनदा मोजलं. "काका, दारं उघडली," ती म्हणाली. "सगळी नाही, पण पुष्कळ. तुमच्यासारखा गोळी वेळेवर घेणारा पेशंट मला..."

इथे गप्प बसले असते तर नत्थूजी कसले. छातीवर जेल, हाताला सुई, काळीज धडाडधडाड, आणि माणूस टेबलावर उठून बसला. "मॅडम, आता मी सांगतो ते लिहून घ्या. एक बी गोळी घेतली नाई. पहिले चार दिवस सोडून एक बी नाई! म्हनजे एक चुकून गेली, जयाचा फोन होता. बाकी सगळ्या मोरीत. हे काळीज बरं झालं ना, ते चूर्नानं. हिरडा, बेहडा आन् ओवा. माह्या बायकोच्या हातचं. लिहा कागदावर, आन् शिकवा तुमच्या पोरायले!"

रोशननं पंप बंद केला. आकांक्षाच्या चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यात अडकलं. "काका, तुम्ही गोळी घेतली नाही? सहा महिने?"

"घेतली," कोपऱ्यातून मनकर्णाबाई म्हणाली.

"तुले काय माहीत? म्या मोरीत थुकलो."

"माहीत आहे. मोरीच्या जाळीवर सापडे. रोज." ती आकांक्षाकडे बघून बोलत होती, नवऱ्याकडे नाही. "म्या मेडिकलमधून दुसरी पट्टी आनली, मॅडम. खलबत्त्यात कुटून ह्यायच्या चूर्नात टाको. तुमी जशी जशी वाढवली तशी तशी. आन् परवापासून बंद ठेवली, तुमचा फोन म्या स्पीकरवर आयकला, तशी."

नत्थूजींचं तोंड उघडं होतं. असं उघडं तोंड त्यांनी इतकी वर्षं फक्त बेडकांचं पाहिलं होतं.

"आणि कधी दोन्ही पोटात गेल्या असत्या तर?" आकांक्षा जवळजवळ ओरडलीच.

"कश्या जातीन? आधी जाळी पाहो. जाळीवर गोळी दिसली का मंगच चूर्नात टाको. तो जयाचा फोन आला त्या टायमाले जाळीवर नोती. म्या नुसतं चूर्न देलं."

रोशन भिंतीकडे तोंड करून खोकायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

आकांक्षानं आधी दोघांना धू धू धुतलं. काका, तुम्ही शिकल्यासवरल्या माणसांत आयुष्य काढलं आणि असं वागता. काकू, माणसाला न सांगता औषध देतात का, काही झालं असतं तर. मनकर्णाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "चूक आहे," ती म्हणाली. "लिहा तुमच्या कागदावर, बायकोची चूक." आकांक्षानं डोस लिहिला, नवीन पट्टी हातात दिली, महिन्यानं या म्हणाली, आणि दोघांना बाहेर अर्धा तास बसायला सांगितलं.

बाहेर बाकावर नत्थूजी बायकोपासून एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून बसले. भयंकर चिडले होते. चाळीस वर्षांचा संसार, आणि ह्या बाईनं आपल्याला बेडकासारखं टेबलावर ठेवून थेंब टाकले! ओट्यावर आता काय सांगायचं? नानाजी काय म्हणेल?

"माह्यावर एवढा बी भरवसा नोता?" शेवटी त्यांनी विचारलं. "एकतीस वर्सं म्या तेच काम केलं. तुले समोर बसवून सांगतलं, का ही गोळी काळीज बंद पाडते."

"भरवसा होता." मनकर्णाबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "तुमी म्हनले का बंद पाडते, तं मले तेच खरं वाटलं. मले काय समजते? तुमी पाह्यलं होतं."

"मंग देली कायले?"

"मॅडमनं सांगतलं नाई घेतली तं साल निघत नाई. तुमी सांगतलं घेतली तं बंद पडते. दोघंबी शिकलेले. मी कोनाचं आयकू?" तिचा आवाज चिरकला. "देल्यावर मी झोपोच नाई. दुपारी तुमी जेवून आडवे झाले का नाकापुढं हात धरून बसो. श्वास लागला का बरं वाटे, मंग पुन्हा भेव वाटे. रातच्याले बी तसंच. सहा महिने. वाटे, आज जर बंद पडलं तं म्या मारलं, अजून कोनी नाई. पोरीले काय सांगू?"

समोरून स्ट्रेचर गेलं, नर्स गेली, कुणाची तरी नातवंडं पळत गेली. एकतीस वर्षं ते काळजांवर नजर ठेवून होते. पण एखादं बंद पडलं म्हणून त्यांचा एक घास कधी कमी गेला नव्हता. बादलीत टाकायचं, दुसरा घ्यायचा. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि बायकोची इतकी माया आली की छाती भरून आली. त्यांनी छातीवर हात दाबून धरला.

"काय झालं?" ती घाबरून जवळ सरकली.

"काई नाई. धडधड होऊन राह्यली. त्या इंजेक्शनाची असंन."

"ते दहा मिनिटात उतरते म्हने. मॅडमनं सांगतलं. आता अर्धा घंटा झाला."

नत्थूजींनी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्या कॉरिडॉरसमोर रडले असते. त्यांनी हात पसरला आणि म्हणाले, "दे इकडं."

"काय?"

"गोळी. नवीन पट्टी देली ना तिनं? आजपासून तूच देजो. चूर्नात नाई, हातावर. आन् मी गिळल्यावर तोंड उघडून दाखवतो."

तिनं पट्टी काढली. त्यांनी एक गोळी कोरडीच गिळली, आ केला, जीभ वर केली, जीभ खाली केली. समोर बसलेल्या एका म्हातारीनं तोंड फिरवलं.

परतीच्या ऑटोत बजाज चौक ओलांडायच्या आत मनकर्णाबाईचं डोकं त्यांच्या खांद्यावर पडलं. ती अशी झोपली की खड्डा आला तरी जाग नाही, तोंड उघडं, घोरणं इंजिनाच्या वर. पिशवी मांडीवरून घसरली ती नत्थूजींनी पायानं धरून ठेवली. न जाणो, हात हलवला तर ती जागी व्हायची.

पिपरी मेघेत गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला. "काका, घर आलं ना तुमचं."

"दिसते मले. चालव पुढं."

"पुढं कुठं?"

"कुठं बी. आर्वी रोडनं जाऊ दे सरळ." नत्थूजींनी आवाज एकदम खाली आणला. "आन् गाडी हळू चालवजो बाप्पा. सहा महिन्यापासून झोपली नाई ती."